काळी-तांबडी भांडी: काळा रंग का बसत नाही, आणि बसलेला का उडतो

आतली बाजू आणि काठ काळा, बाहेरून पोट आणि बूड तांबडं. विदर्भात माहुरझरी, नैकुंड, टाकळघाट-खापा इथल्या शिळावर्तुळांमधून (दगडांची वर्तुळं रचलेल्या प्राचीन दफनांमधून) निघालेली ही भांडी, कर्नाटकातल्या ब्रह्मगिरीची भांडी किंवा त्याहून जुनी राजस्थानातल्या आहाडची, यांची प्रतिकृती करायला घेतली की आकार चार-सहा प्रयत्नांत जमतो. अडतं ते भाजणीत. आतला काळा राखाडीच राहतो, काठाला तपकिरी पट्टा उमटतो, काळं हाताला लागतं, तांबड्या पोटावर काळे डाग पडतात. दुसऱ्या वेळी एक दोष जातो आणि दुसरा येतो. मग माती बदलली जाते, लेप बदलला जातो, आणि दोष तसाच राहतो. याचं कारण बहुतेक वेळा मातीत नसतं. ते भांड्याभोवतीच्या हवेत असतं: चुकीच्या वेळी आत शिरलेल्या किंवा चुकीच्या वेळी अडलेल्या.

आधी हा काळा काय आहे ते पक्कं करू. तो लेप नाही, चित्रकाम नाही. मातीतल्या लोहाला भरपूर हवा आणि साधारण ६५० अंश सेल्सियसच्या पुढची धग मिळाली की ते तांबडं होतं. जिथे हवा पोचत नाही आणि सेंद्रिय पदार्थ धुमसत असतो, तिथे दोन गोष्टी घडतात. लोहाच्या ऑक्साइडमधला काही ऑक्सिजन निघून जातो आणि तांबडेपणा मावळतो. शिवाय धुरातला कार्बन तापलेल्या भिंतीच्या सूक्ष्म छिद्रांत जाऊन बसतो. दाट, गर्द काळेपणा मुख्यतः या कार्बनचा. आणि कार्बन म्हणजे शेवटी कोळसाच. भांडं गरम असताना त्याला हवा मिळाली की तो जळून जातो, ४०० अंशांच्या आसपास हळूहळू आणि ५०० च्या पुढे भराभर. म्हणजे काळा रंग आणणं हे अर्धं काम, भांडं निवेपर्यंत तो राखणं हे उरलेलं अर्धं. त्यासाठी तापलेलं भांडं खळग्यातल्या भुशावर (लाकडाचा भुसा किंवा भाताचं तूस) पालथं घालतात आणि काठाभोवती राख टाकून हवा अडवतात. पूर्ण कृती पुढे दिली आहे.

ग्रीक काळ्या चकचकीत भांड्यांची कृती वाचून इथे वापरू नका. तिथला काळा भाग म्हणजे अतिशय बारीक मातीचा लेप. तो धग लागून काचेसारखा मिटतो, आणि नंतर हवा आली तरी आतलं काळं लोह सुरक्षित राहतं. आपल्या भांड्यात असं काही मिटत नाही. उलट छिद्रं उघडी राहिली तरच कार्बन आत जातो, म्हणून फार वर तापवणंही तोट्याचं. ७०० ते ७५० अंश पुरेसे आहेत.

दोष ओळखायचा तो कापावरून

रंग बिघडलेलं भांडं टाकून देऊ नका. त्याचा एक तुकडा पाडा आणि ताजा काप दिवसाच्या उजेडात बघा. वरचा रंग फसवतो, काप फसवत नाही.

काप आतल्या बाजूने कमीत कमी मिलिमीटरभर काळा आणि बाहेर तांबडा असेल तर भाजणी बरोबर झाली आहे. पुष्कळ मूळ खापरांत काळा थर याहून जाड असतो, कधी तो जवळजवळ पूर्ण जाडी व्यापतो आणि बाहेर तांबडी साय तेवढी दिसते. काप काळा पण आतला पृष्ठभाग तपकिरी किंवा तांबूस असेल, तर काळा आला होता आणि निवताना जळला. काप तांबडा आणि पृष्ठभागावर फक्त काजळी असेल, तर भांडं थंड झाल्यावर धूर मिळाला. काप मध्येच राखाडी आणि दोन्ही पृष्ठभाग तांबूस असतील, तर मातीतली लीद किंवा भूस पुरतं जळलेलं नाही एवढंच. त्या राखाडी गाभ्याचा आणि आपल्या काळ्याचा संबंध नाही.

सोबत दोन चाचण्या करा. ओलं पांढरं फडकं काळ्या भागावर जोराने घासा. फडकं किंचित मळेल, पण काळा फिका पडता कामा नये. दुसरी, काठाचा एक तुकडा रात्रभर पाण्यात ठेवा. सकाळी कडा विरघळून चिखल झाला असेल तर काठ भाजलाच गेलेला नाही, साधारण ५०० अंशांच्या खाली राहिला. ही दुसरी चाचणी बहुतेक जण करत नाहीत. एकाच भाजणीत, पालथी घालून भाजलेली भांडी नेमकी तिथेच नापास होतात. त्याचं कारण पुढे येईल.

काळा आला आणि उडाला

सर्वांत जास्त आढळणारा दोष हाच. काठावर एक-दोन सेंटीमीटरचा तपकिरी पट्टा, किंवा आत एका बाजूला तांबूस चंद्रकोर. कारणं तीन, आणि ती शोधायची याच क्रमाने.

पहिलं, घाई. भांडं वरून काळवंडलेलं, थंड वाटतं, पण भुशात रुतलेला काठ अजून ४०० अंशांच्या वर असतो. उचललं की डोळ्यांदेखत काठ तपकिरी होतो. १६ सेंटीमीटर तोंडाचा, ५ मिलिमीटर जाडीचा वाडगा राखेत झाकलेला असेल तर कमीत कमी दोन तास हात लावू नये. मोठ्या रांजणासारख्या आकाराला रात्रभर. थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) असेल तर टोक काठाजवळच्या राखेत खुपसून ठेवा आणि आकडा १०० च्या खाली आल्याशिवाय राख हलवू नका.

दुसरं, भुसा आधी संपणं. धुमसणारा भुसा बंद जागेतला ऑक्सिजन खात असतो, म्हणून काळा टिकतो. भांडं ४०० च्या खाली येण्यापूर्वी तो जळून संपला तर त्याच्या जागी पोकळी होते आणि हवा आत ओढली जाते. वर सांगितलेल्या मापाच्या वाडग्याला २० सेंटीमीटर व्यासाच्या खळग्यात ५ सेंटीमीटर थर, म्हणजे साधारण दीड लिटर भुसा लागतो, आणि मध्यभागी दोन मुठींचा उंचवटा. याच्या दुप्पट घातलात तर वायू जोराने उसळतो आणि राखेची कड उचलून टाकतो, म्हणजे पुन्हा तीच फट. भुसा बारीक चाळलेला हवा. रंध्याचे कात्रण भराभर जळतं, कारण त्याच्या गुंडाळ्यांत हवा भरलेली असते. राळ असलेल्या लाकडाचा भुसाही नको, तो चिकट डांबरी थर सोडतो. भाताचं तूस याबाबतीत फार गुणी आहे: त्याच्या राखेत सिलिका भरपूर, त्यामुळे जळल्यावरही ते एकदम बसत नाही, आपला आकार धरून राहतं आणि खालचा निखारा तासन्‌तास जपतं.

तिसरं, कड बंद नसणं. पालथ्या भांड्याच्या काठाभोवती टाकलेली राख हीच खरी दार बंद करणारी वस्तू. ती बारीक चाळणीतून काढलेली, पूर्ण कोरडी आणि काठाच्या वर निदान ३ सेंटीमीटर चढलेली हवी. जाड वाळू चालत नाही, तिच्या कणांमधून हवा सहज जाते. राख उडू नये म्हणून ती ओलसर करण्याचा मोह होतो. तसं करू नका. वाफ होऊन भांड्याचे टवके उडतात आणि राख वाळताना तिला भेगा पडतात. तांबूस चंद्रकोर नेहमी एकाच दिशेला येत असेल तर ती वाऱ्याची बाजू आहे. तिकडे आडोसा करा.

मुळात काळा आलाच नाही

आतली बाजू फिकट राखाडी आणि कापही फिका: धूर कमी पडला. वाडग्याच्या बुडाची आतली बाजू पालथ्या स्थितीत सर्वांत उंच असते, तिथे हे आधी दिसतं. मधला उंचवटा वाढवा, इतका की भांडं ठेवल्यावर भुसा आणि बूड यांच्यात तीन-चार सेंटीमीटरच अंतर राहील.

काजळीसारखा, फडक्याने निघणारा काळा: भांडं उशिरा झाकलं गेलं. ४०० च्या खाली आलेल्या भिंतीवर धूर छिद्रांत शिरून कार्बन होत नाही, वरवर चिकटतो. पातळ भांडं भट्टीतून काढल्यावर किती लवकर निवतं याचा अंदाज येत नाही. ५ मिलिमीटरची भिंत वाऱ्यात अर्ध्या मिनिटात लाली हरवते. भट्टी आणि खळगा यांत दोन पावलांपेक्षा जास्त अंतर ठेवू नका. राख भांड्यांत भरून हाताशी तयार ठेवा.

एक कारण मातीचंही आहे, तेवढं सांगून पुढे जाऊ. घोटून घोटून पृष्ठभाग फार बंद केला असेल आणि त्यावर ८०० च्या पुढे भाजलं असेल, तर कार्बनला आत जायला जागा उरत नाही. त्या तापमानाला घोटल्याची चकाकीही मंदावते, म्हणजे दोन्हीकडून नुकसान.

एका भाजणीत की दोन भाजण्यांत?

या भांड्यांच्या तंत्राबद्दल दोन मतं आहेत. एक, भांडं पालथं घालून एकाच भाजणीत दोन्ही रंग आणले. दुसरं, आधी सगळं तांबडं भाजून घेतलं आणि मग पुन्हा तापवून काठ व आतली बाजू काळी केली. इजिप्तमधल्या नकादा इथल्या काळ्या तोंडाच्या भांड्यांबद्दलही हाच वाद आहे. प्रयोगात दोन्ही रीतींनी तसा रंग येतो. त्यामुळे आपलं भांडं मूळ भांड्यासारखं दिसलं म्हणजे मूळ कुंभारानेही तसंच केलं, असं ठरत नाही. नोंदवहीत ‘या रीतीने हा काप मिळाला’ एवढंच लिहावं.

दोष काढायचा असेल तेव्हा मात्र आधी दोन भाजण्यांची रीत घ्या. एकाच भाजणीत भुशाचा थर काठाला आगीपासून वेगळं पाडतो. तूस आणि त्याची राख दोन्ही उष्णतेला अडवतात, त्यामुळे पोट ७०० अंशांवर पोचतं तेव्हा काठ बराच मागे असतो. काळा सुंदर येतो, पण काठ पाण्यात विरघळतो. दोन भाजण्यांत काठ पहिल्या भाजणीतच पक्का झालेला असतो, आणि रंग चुकला तर तो भाजणीच्या दुसऱ्या टप्प्यातच चुकला हे नक्की कळतं.

पहिली भाजणी: भांडी पुरती वाळलेली हवीत, गालाला लावल्यावर थंड लागू नयेत. ती दगडांवर किंवा जाड खापरांवर उंच ठेवा, म्हणजे खालून हवा खेळेल. पहिला दीड तास भोवती नुसता शेक, १५० अंशांच्या आत. मग गोवऱ्या जवळ सरकवत तासाभरात ५०० पर्यंत आणि पुढच्या तासाभरात ७०० ते ७५० पर्यंत न्या. ती धग २० मिनिटं धरा, मग आच्छादन सैल करून भरपूर हवा द्या. वाऱ्यात उघडी टाकू नका. आगीतच निवू द्या.

दुसरी: तांबडं भांडं छोट्या भट्टीत किंवा कोळशाच्या रिंगणात दीड तासात ६५० पर्यंत तापवा. अंधारात ते मंद लाल दिसायला हवं, म्हणून हे काम संध्याकाळी करणं सोयीचं. चिमट्याची टोकं आधी आगीत तापवून घ्या, गार लोखंड लागलं की तिथूनच तडा सुरू होतो. भांडं बुडाकडून धरून उचला, भुशावर पालथं दाबा, काठ दोन सेंटीमीटर रुतू द्या आणि लगेच भोवती राख ओता. उचलण्यापासून राख पडेपर्यंत १५ सेकंद. बूड आणि पोट उघडंच राहील, त्याला हवा मिळत राहील, ते तांबडं टिकेल.

भुसा भडकतो, आणि झाकलेल्या खळग्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. हे काम उघड्यावरच, सुती कपड्यांत, कातडी हातमोजे घालून आणि वाळूची बादली जवळ ठेवून करा.

एकाच भाजणीची रीतच अभ्यासायची असेल तर तुसाचा थर ३ सेंटीमीटरवर आणा. जागेवर आधी तासभर आग करून जमीन गरम करून घ्या, निखारे झाडून टाका, जमीन हाताला सोसेल इतकी झाली की थर पसरा. आगीचा वेळ तासाने वाढवा. त्याच तुसात मातीची एक पट्टी पुरून ठेवा आणि पाण्याची चाचणी तिच्यावर करा, म्हणजे भांडं मोडावं लागत नाही.

दोन रंगांमधली रेषा

ही रेषा राखेची पातळी ठरवते. राख जिथवर, काळा साधारण तिथवर, आणि त्याच्या वर बोटभर रुंदीचा तपकिरी-राखाडी पट्टा. राख एका बाजूला खचली की रेषा तिकडे खाली येते. इथे एक आग्रह धरावासा वाटतो: सुरीने कापल्यासारखी सरळ रेषा आणण्याच्या मागे लागू नका. मूळ भांड्यांत ती वर-खाली होते, मध्ये विटते. रेषा फार नेटकी असेल तर ती भाजणीची वाटत नाही, रंगवलेली वाटते.

तांबडा भाग डागाळला

गोवरी किंवा लाकूड भांड्याला टेकलं की तिथे हवा अडते आणि ढगासारखा काळा डाग उमटतो. मोठी खापरं उभी लावून भांडं आणि इंधन यांत ३-४ सेंटीमीटर जागा ठेवा. दोन भाजण्यांच्या रीतीत हे डाग पहिल्या भाजणीनंतरच दिसतात, आणि दुसऱ्यांदा तापवताना हवा चांगली दिली तर निघूनही जातात. थोडे डाग मूळ भांड्यांवरही असतात. एखाददुसरा राहिला तर तो पुसण्यासाठी तिसरी भाजणी करू नये.

पोट तांबडं न होता पिवळट राहिलं तर मातीत लोह कमी आहे. बारीक वाटलेला गेरू एक भाग आणि तीच माती तीन भाग, वजनाने, पाण्यात कालवून फडक्यातून गाळा आणि ताकाइतका पातळ लेप द्या. भांड्यावर नखाने ओरखडा उठतो पण बोटाचा ठसा उमटत नाही, अशा वेळी. लेपाची ओल जिरली की गुळगुळीत गारगोटीने घोटा. जाड लेप एकदाच देण्यापेक्षा पातळ दोनदा द्या. जाड लेपाचे पापुद्रे निघतात.

तडे

तडे हा वेगळा विषय, पण दुसऱ्या भाजणीत ते हटकून डोकं वर काढतात म्हणून थोडक्यात. काठापासून खाली उभा, स्वच्छ तडा हा अचानक निवण्याचा. वाळूतल्या क्वार्ट्‌झचं आकारमान ५७३ अंशांना एकदम बदलतं, आणि लाल भांडं उचलून गार भुशात ठेवताना आपण नेमकी ती पायरी उतरतो. भिंत सगळीकडे सारख्या जाडीची ठेवा, भाजलेल्या खापराची अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून काढलेली पूड मातीत पाचवा हिस्सा घाला, तेवढी वाळू कमी करा.

वाळतानाच तडे जात असतील तर काळी माती जास्त झाली आहे. दख्खनच्या काळ्या मातीचं आकुंचन फार. मातीच्या पट्टीवर १० सेंटीमीटरची रेघ मारा आणि वाळल्यावर मोजा. ९.२ ते ९.४ भरली तर ठीक, ९ च्या खाली गेली तर तळ्याचा गाळ किंवा पोयटा आणि बारीक वाळू वाढवा.

भाजून चार दिवसांनी गोल टवके उडत असतील आणि खड्ड्याच्या तळाशी पांढरा ठिपका दिसत असेल, तर तो चुनखडीचा खडा आहे. माती एक मिलिमीटरच्या चाळणीतून काढा, लिंबाचा रस टाकून बुडबुडे येतात का बघा, आणि ७५० च्या वर जाऊ नका.

बिघडलेलं भांडं पुन्हा भाजणं

रंग चुकलेलं भांडं वाया गेलेलं नसतं. उघड्या हवेत ६५० ते ७०० पर्यंत तापवलं की सगळा कार्बन जळतो आणि भांडं पूर्ण तांबडं होतं. तिथून दुसरी भाजणी नव्याने करता येते. हे दोनदा चालतं. पुढे चकाकी जाते आणि केसासारखे तडे वाढतात. तुकडा टिचकीने वाजवून बघा, आवाज बद्द झाला असेल तर थांबा.

तुलनेसाठी मूळ खापरं लागतात ती संग्रहालयात बघावीत, किंवा उत्खनन अहवालातल्या छेद-आकृत्या वापराव्यात. शेतात किंवा पांढरीच्या टेकाडावर (जुन्या वस्तीच्या उंचवट्यावर) पडलेलं खापर उचलून आणू नये. कुठल्या थरावर, कुठल्या जागी ते होतं हीच त्याची माहिती, आणि उचलल्यावर ती जाते. संरक्षित जागेवर तर १९५८ च्या कायद्याने परवानगीविना खणताही येत नाही.

आणि आपल्या भांड्याच्या बुडावर, माती ओली असतानाच, वर्ष आणि भाजणीचा क्रमांक खोल कोरा. १९७२ च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरायला किमान १०० वर्षं लागतात. चांगली जमलेली प्रतिकृती मात्र दुसऱ्याच्या हाती गेल्यावर दहा वर्षांतही तशी समजली जाऊ शकते. शाईने लिहिलेलं जातं, घोटताना उथळ खूण बुजते. दोन मिलिमीटर खोल कोरलेलं तीन भाजण्यांनंतरही वाचता येतं, आणि भांडं फुटलं तरी बुडाचं खापर ते सांगत राहतं.